सड्यावरचं यान

सिनेमा आम्ही पाहिला नव्हता.
वास्कोत तो लागलाच नाही, की लागला तेव्हा
खिशात तिकिटाचे पैसे नव्हते,
आता कोण सांगणार.
आम्हाला मिळालं ते नुसतं यान:
कपाटाएवढं, आत खुर्ची असलेलं,
इनास आल्मेदानं तारवावरची नोकरी सोडताना
शेवटच्या पगारात आणलेलं,
सड्यावरच्या त्याच्या दुकानात
सोड्याच्या खोक्यांना टेकून उभं.

आपली नाणी त्याच्या फटीत बसेनात.
मग इनास मागची फळी काढून स्टुलावर बसायचा,
रुपया खिशात टाकायचा,
आत हात घालून तारेला तार टेकवायचा
आणि विश्व सुरू व्हायचं.

रेघाच नुसत्या. हिरव्या, भूमितीच्या वहीतल्या.
ग्रह म्हणजे न रंगवलेलं वर्तुळ.
शत्रू म्हणजे तीन त्रिकोण.
आणि शेवटी बोगदा.
आमच्या बसलाही बोगदा नावाचा थांबा होता,
पण तो असा अंगावर धावून यायचा नाही.
खाली बंदरात क्रेन चालली की दाब पडायचा,
ग्रह थरथरायचा,
मागून इनास ओरडायचा, "सवकास रे पुता!"
जणू यान त्याच्याच पोटातून चाललंय.

वीज गेली की सगळे आकडे पुसले जात.
म्हणून तो ते उधारीच्या वहीत लिही:
पेद्रू, दोन सोडे, पाव किलो साखर.
गुरुदास, एक लाख चौदा हजार.
गुरुदासची आई एकदा ती वही वाचून
भर दुकानात मटकन खाली बसली.

परवा मुलीनं तो सिनेमा दाखवला.
रंग होते, वारा होता, माणसं प्रेमात पडत होती.
यान चालवणाऱ्याला चेहरा होता;
मला तो कुणी परका वाटला,
आमच्या खुर्चीत येऊन बसलेला.
बोगदा आला तसा माझा अंगठा
मांडीवर आपसूक दाबला गेला.
"बाबा, तो वाचतोच," मुलगी म्हणाली.

आमचा वाचायचा नाही.
रुपया संपला की काळोख,
आणि घामानं ओल्या खुर्चीत पुढचा मुलगा.

इनास गेला. गुरुदास जहाजावर असतो.
यंत्र पडवीत आहे, काचेविना.
सकाळी इनासची सून मागची फळी सरकवते,
आत हात घालते,
खुर्चीतली कोंबडी जराशी कुरकुरते,
आणि अंडं बाहेर येतं,
अजून कोमट.