तेवीस

मिरजेत मिशन कंपाऊंडच्या मागच्या खोलीत
मी रोज चार ते सहा टायपिंग करायचे,
पानाला पन्नास पैसे.
सांगणारे रेव्हरंड एलिया सत्वाजी रणभिसे,
वय एकोणऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू,
दुसऱ्यात, ते म्हणत, अजून थोडं ऊन आहे.

अब्बांनी विचारलं, काय लिहितात बुढेबाबा?
म्हटलं, मिशनचा इतिहास.
अब्बा सतारीचा भोपळा कोरत होते.
मान वर न करता म्हणाले,
आतलं सगळं काढल्याशिवाय वाजत नाही, सांग त्यांना.
मी नाही सांगितलं.

तीस वर्षं या माणसानं
सायकलवर जत-आटपाडी पालथी घातलेली.
कॅरिअरला शुभवर्तमानांचा गठ्ठा,
आणि वाटेत बाभळीचे काटे.
'प्रभूनं माणसं धरायला पाठवलं,
मी निम्मा वेळ ट्यूब धरून बसलो.'

आता त्यांच्यापुढे तीन ट्रंका,
कसर लागलेली रजिस्टरं, साहेबांचे अहवाल.
त्यात एका ओळीत त्यांचे आजोबा:
'एक नेटिव्ह, विश्वासू, घोडी सांभाळतो.'
घोडीचं नाव दिलेलं, रूबी.
रेव्हरंड खोकला येईपर्यंत हसले.
मग म्हणाले, कर टाईप,
रूबीला सांभाळणाऱ्याचं नाव धोंडू बाळा रणभिसे.
त्यापुढची दोन पानं नुसती नावंच,
स्वयंपाकीण गोदाबाई, पंखा ओढणारा लिंबा,
प्लेगात मढी उचलणारे दोघं भाऊ,
त्यातला एक नंतर स्वतःच उचलला गेला.

पावसाळा संपता संपता आम्ही बावन्नच्या दुष्काळाशी आलो.
अहवाल त्यांचाच होता.
मी वाचत वाचत टाईप करत गेले:
'यंदा कुरणवाडीत तेवीस जणांचा बाप्तिस्मा.
देवाची स्तुती असो. ए. स. रणभिसे.'

रेव्हरंड काही बोलेनात.
दवाखान्यात कुणीतरी घमेलं पाडलं.

'तेवीस कसले, पोरी.
त्या आठवड्यात दुधाच्या पावडरीचे डबे आले होते.
पाऊस पडला आणि एकोणीस परत गेले.
गेले म्हणजे, तिथंच होते.
मी लांबून दिसलो की वाट बदलायचे,
मला लाज वाटू नये म्हणून.'

मग बराच वेळानं,
'आणि तानव्वा.
तिनं नाहीच घेतला बाप्तिस्मा.
म्हणायची, माझी यल्लव्वा रुसंल की ओ.
पण देवळातल्या घागरी अकरा वर्षं तिनं भरल्या,
दीड मैलावरनं.
माझ्या एकाही अहवालात ती नाही.
तसला रकानाच नव्हता.'

मी खोडरबर काढलं.
'रबर नको,' ते म्हणाले,
'वरून क्ष मार. खालचं दिसू दे.'

मी मारले. क्ष क्ष क्ष.
तेवीस मागं दिसत राहिले.
त्याखाली चार नावं, आणि एक ओळ सोडून तानव्वा.
आडनाव त्यांना आठवेना.
त्या दिवशी आम्ही तेवढंच काम केलं.

जानेवारीत ते गेले.
पुढं शताब्दीला पुस्तक निघालं, गुळगुळीत कव्हरचं.
पान एकशे बारावर तेवीस आहे, स्वच्छ,
आणि देवाची स्तुती.
रूबीसुद्धा आहे.

कार्बनची प्रत माझ्याकडं राहिली,
अब्बांच्या कारखान्यात, वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या वरच्या फळीवर.
कुणी मागितली नाही. मीही दाखवली नाही.

शेवटच्या सहा पानांचे पैसे त्यांनी
पाकिटात घालून ठेवले होते, तीन रुपये सुटे.
वर थरथरत्या अक्षरात माझं नाव, पूर्ण:
खैरुन्निसा मीरासाहेब सतारमेकर.
पहिल्यांदा 'खैरूनिसा' लिहून खोडलेलं,
एकाच रेघेनं.