उत्तरपत्रिका क्रमांक सतरा

पोतोसी. समुद्रापासून चार हजार मीटर वर.
इथे खडूसुद्धा धापा टाकतो फळ्यावर.

प्रश्न तिसरा, गुण पाच:
पाताळाच्या राजाने कोणाची मुलगी पळवली?
पुढे काय झाले?

छापील उत्तर माझ्याजवळ आहे,
ला पाझहून आलेलं, शिक्क्यासकट.
बाकी सगळ्यांनी तेच लिहिलं.
ग्रीक नावांच्या शुद्धलेखनाचा अर्धा अर्धा गुण
मी कापत गेलो, सवयीनं.

मग सतरावी.
इल्यारी वार्काया. नववी. खाली झुकलेलं अक्षर.

"सर, आमच्याकडे मुलगी नाही पळवत, मुलगा नेतात.
माझा भाऊ तेरा वर्षांचा होता.
हेल्मेट मोठं व्हायचं म्हणून आत वर्तमानपत्र कोंबलं.
फुलांचं रान वगैरे नव्हतं. सोमवार होता.
डाळिंबाचे दाणेही नव्हते,
कोकाची पानं होती, गालात धरायची.
भूक कळत नाही त्यानं.
पाताळात खाल्लं की परतता येत नाही, असं पुस्तकात आहे.
चघळलं तर चालतं का, ते दिलेलं नाही.

राजाला मी पाहिलंय. मातीचा आहे.
शिंगं आहेत, तोंडात कोणीतरी लावलेली सिगारेट.
सगळे त्याला मामा म्हणतात.
मामा कोण कोणाला बनवतं, ते सोडा.
पण त्याच्या हातात वही नसते, सर.
किती पोती निघाली, कोणाचा खाडा, कोणाचं किती कापलं,
ती वही वरच्या कचेरीत असते.
मग राजा कोण?

बाई आत गेली की चांदी रुसते म्हणतात.
आई खाणीच्या तोंडाशी राहते.
रात्री अवजारं राखते, दिवसा टाकलेले दगड फोडते.
तिच्यावर चांदी रुसत नाही.
रुसायला आधी ओळख लागते.

तुमच्या कथेत आई रडते आणि सगळ्या जगावर हिवाळा येतो.
इथे हिवाळा आधीपासूनच आहे.
आई रडली तर शेजारची कुत्रीसुद्धा मान वळवत नाहीत.
म्हणून ही कथा मला खोटी नाही वाटली.
श्रीमंत वाटली."

सूचना स्पष्ट आहे:
अपेक्षित उत्तर नसल्यास शून्य.
मी शून्य काढलं.
ते पाताळाच्या तोंडासारखं दिसलं, म्हणून खोडलं.
खोडल्यावर आणखीच तसं दिसलं.

मग हजेरीपट उघडला, गेल्या वर्षीचा.
सतरावा क्रमांक: सेव्हेरो वार्काया.
मार्चपासून गैरहजर, गैरहजर, गैरहजर,
आणि मेमध्ये पट्टी धरून मारलेली लाल रेघ.
सरळ आहे रेघ. हात जरासुद्धा हललेला नाही.

वही कचेरीत असते म्हणाली ती.
एक माझ्या कपाटातही असते.

शुक्रवारी घंटा झाल्यावर सहाजण थांबतात हल्ली.
कागद नाहीत, म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी.
फ्रेदेस्विंदा लिहितेय, डोंगर बाई आहे
आणि तिला विचारल्याशिवाय कुदळ मारलीय, अशी गोष्ट.
प्लासिदो फक्त भाव लिहितो: पाव, डायनामाइट, बसचं भाडं.
मी म्हणालो, ही कविता नाही.
तो म्हणाला, बरं. आणि लिहीत राहिला.
चेनोबिया दोन ओळी लिहिते, तीन खोडते.

इल्यारी पेन्सिल चावत विचारते,
"सर, तुमच्या कथेतली मुलगी वर्षातले सहा महिने घरी येते ना?
मी मुलाला आणू परत?"

आण, म्हणालो मी. फार पटकन म्हणालो.
तिनं लिहिलं. थांबली. खोडरबर मागितला.
"सहा महिने इथे कोणाला पटणार नाहीत," म्हणाली,
"तीन लिहिते."