खाल्ल्या मिठाला

फ्रीसलंडात शेत समुद्राहून खाली आहे.
वीब्रन रोज चराशी उकिडवा बसतो,
हातात रिकाम्या बॉलपेनची नळी,
तिच्यात स्टीलचे दोन स्क्रू, मधे सेंटिमीटरभर पाणी.

निव्वळ पाणी विजेला ओळख देत नाही.
खाल्ल्या मिठाला जागलं
तरच या स्क्रूचा निरोप
त्या स्क्रूला पोचतो.

आज चार हजार दोनशे.
गुरुवारी तीन हजार नऊशे होते.
गारठ्यात पाणी हातचं राखून बोलतं,
म्हणून तो थर्मामीटर बघतो
आणि अंशामागे दोन टक्के
त्याच्या पदरात टाकतो.

पण मीठ कुणाचं, ते आकड्याला ठाऊक नाही.
बांधाखालून समुद्र झिरपला,
की पलीकडे सिबेने बटाट्यांना खत दिलं?
वीब्रन नळी हलवतो, पुन्हा बुडवतो.
चार हजार दोनशे.

कोळ्याची मुलगी जेल्त्ये बादली घेऊन येते,
बोट बुडवते, जिभेला लावते,
थुंकते.
"समुद्र," म्हणते, आणि कोंबड्यांकडे जाते.

तो पेन्सिलीला टोक काढतो.
शेरा या रकान्यात लिहितो:
जेल्त्ये म्हणते, समुद्र.
मग थोडं थांबून, खाली:
मेंढ्या अजून पितायत.