रकाना एकच

सिपनेच्या नाल्यात, बांबूखाली,
दोघंही पानंच उलटतात.

केशरी कस्तूर दोन उड्या मारतो, थांबतो.
गालावर दोन उभ्या रेघा,
काजळ पुसायचं राहून गेल्यासारख्या.
पान उचलतो, बाजूला ठेवतो,
जणू उसनं आणलंय.

दुसरा नावाचाच काळा. अंग राखेचं,
टोपी तेवढी काळी, चोच पिवळी.
हा फेकतो.
सागाचं पान त्याच्याहून मोठं, तरी फेकतो,
आणि माझी चप्पल वाजली की
भांडल्यासारखा ओरडत उडतो.

वनखात्याच्या रजिस्टरात रकाना एकच: ‘कस्तूर’.
मी पेन्सिलीने मधे रेघ ओढली.

सोमती बेठेकर मोहफुलं वेचता वेचता
वर न बघताच सांगते,
“ठिवल्यावानी वाजलं त केशऱ्या,
फेकल्यावानी वाजलं त दुसरा.”
आठवडाभर मी तिच्या कानांनी मोजले.
डोळ्यांनी मोजले त्याहून चार जास्त.

काल रात्री अवकाळी शिंतडून गेला.
आज बांबूखाली काहीतरी हलतंय,
वाजत नाही.
सोमतीही टोपली धरून उभी.

रेघेच्या दोन्ही बाजूंना मिळून
मी लिहिलं: पानं ओली.