बरोब्बर वर

कॉकपिटच्या पॅनलवर तीन दिवे असायचे,
बोराच्या आठळीएवढे :
निळा, पिवळा, पांढरा.
बाकीची सगळी यंत्रं बडबडी,
किती उंच, किती वेग, किती डावीकडे सरकलीस.
हे खोकं मात्र अख्खी वाट गप्प.
त्याला एकच वाक्य यायचं,
तेही आपण बरोब्बर डोक्यावर आलो तरच :
इथे आहेस.

कुठे जा, सांगायचं नाही.
बोलवायचं नाही, हात धरायचं नाही.
सात-आठ सेकंद निळा लुकलुकायचा,
कानात जाड आवाजाच्या लांब रेघा,
सेकंदाला दोन,
आणि मग पुन्हा जसं काही झालंच नाही.

कॅप्टन तलाटींनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
खटका 'लो'वर ठेव.
'हाय'वर ठेवलास तर
पोचायच्या आधीच वाजायला लागतं
आणि ओलांडून गेलं तरी थांबत नाही,
माझ्या मेव्हण्याच्या फोनसारखं.
मी हसले. खटका खाली केला.
पुढची सव्वीस वर्षं तो तिथेच.

पूर्वेकडून उतरताना
कोपरखैरण्याच्या कडेला, खाडीच्या अलीकडे
तो दिवा लागायचा.
मी मोठ्याने म्हणायची, "आउटर, सोळाशे पन्नास."
म्हणजे घसरण बरोबर आहे, घड्याळ चालू.
आणि त्या सोळाशे पन्नास फुटांखाली जरा मागे
सेक्टर एकोणीसमधली आमची गच्ची,
वाळत घातलेली माझीच चादर.
ते मात्र मोठ्याने म्हणायचा नियम नव्हता.

एका रविवारी चालत गेले शोधायला.
तिवरांच्या तोंडाशी एक केबिन, दोन खांब, जाळीचं कुंपण,
आणि राखणदार हरिश्चंद्र केणी.
याच जागी त्यांचं मिठागर होतं म्हणे,
आता ते तिथलं गवत कापतात, साप हाकलतात,
आणि रोज संध्याकाळी वहीत लिहितात : सर्व ठीक.
मी कोण ते कळल्यावर
त्यांनी खुर्ची दिली, स्वतः डब्यावर बसले.
म्हणाले,
"वर कसा आवाज येतो वो म्याडम?
अठरा वर्सं राखतंय,
मना कवा आयकू नाय आला."

खरंच की.
तो आवाज वर जातो, खाली नाही.
जो त्याच्या पायथ्याशी बसलाय
त्याच्यासाठी तो नाहीच.

मग मीच करून दाखवला.
पन्नाशीची बाई, चपलांना खाडीचा चिखल,
डोळे मिटून,
हूंऽ, हूंऽ, हूंऽ, हूंऽ,
बोटांनी पत्र्याच्या दारावर ताल.
कुंपणाबाहेरचं कुत्रं उठून निघून गेलं.
केणी मान तिरकी करून ऐकत राहिले.
मग समाधानाने म्हणाले,
"आमचे मोटारीवानी हाय.
पाणी चढत असला का अस्साच."

दोन वर्षांनी परिपत्रकात एक ओळ आली :
बाह्य मार्कर कायमचा बंद.
अंतर आता दुसरी यंत्रं सांगतात, दशांशासकट,
आणि चूक करत नाहीत.
कुणाचं काही अडलं नाही, माझंही नाही.
फक्त त्या रात्री सोळाशे पन्नासला
जीभ आपणहून म्हणाली, "आउटर."
शेजारच्या टिळेकरने पॅनलकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
दिवा काळा.
मी म्हटलं, "चाकं खाली?"
तो म्हणाला, "तिन्ही हिरवे."
आणि खाडी आली.

निवृत्त झाल्यावर परत गेले.
केबिनला कुलूप होतं,
खिडकीतून आत कुणाची तरी जाळी दिसत होती, सुकी.
केणी घरी भेटले, भिंतीला टेकून.
वही मागितली, त्यांनी ट्रंकेतून काढून दिली.
यंत्र बंद झालं त्या तारखेच्या पुढेही
चार पानं भरलेली,
त्याच निळ्या शाईने, त्याच वळणाने :
सर्व ठीक. सर्व ठीक.

मी वर पाहिलं.
ते जरा ओशाळले, चष्मा काढून पुसत राहिले.
म्हणाले,
"इमाना तं येतानच ना."