आयत्या वेळचे विषय

कोरूशच्या कारखान्यात मी सभांचं इतिवृत्त लिहिते. सोळा वर्षं.
कोण किती वाजता आलं, कुणी अनुमोदन दिलं.
कॉफी थंड झाली, हे लिहायचं नसतं.

त्या मंगळवारी लिहिलं : मागणी एकोणीस टक्के घटली.
बाटल्यांना आता पत्र्याची फिरकीची टोपणं लागतात,
आमच्या बुचांना कोण विचारतो.
आबीलियु म्हणाले, माणसं कमी करू.
म्हणजे बायका कमी करू,
निवडीच्या पट्ट्यावर सगळ्या बायकाच.
बाकीच्या पाचांनी माना डोलावल्या.

ग्रासिएत गप्प.
भाऊ आजारी पडला म्हणून त्या या खुर्चीत आल्या, तात्पुरत्या;
तात्पुरतेपणाचं हे अकरावं वर्ष.
सुरुवातीला त्यांच्या प्रत्येक वाक्याला कुणीतरी बूच मारायचं.
बुचांचाच कारखाना, त्या मला म्हणाल्या होत्या,
नवल ते काय.

मग पिशवीतून त्यांनी एक तपकिरी चौकोन काढला,
ताटाएवढा, जमिनीवर ठेवला.
म्हणाल्या, बूट काढा.

सहा पुरुष, एकमेकांकडे बघत.
आबीलियुंच्या मोज्यातून अंगठा बाहेर.
एकेक जण त्यावर उभा राहिला
वजनकाट्यावर राहतात तसा, पोट आत घेऊन.
फेब्रुवारी होता, लादी बर्फ झालेली.
तुकडा ऊबदार.
"कुठून मागवलात?"
"खालून. पट्टा क्रमांक दोन."

('नमुना सादर करण्यात आला', मी एवढंच लिहिलं.)

पट्टा क्रमांक दोनवर एर्मेलिंदा.
एकतीस वर्षं नजरेनं बुचं निवडते,
भोकाचं डावीकडे, बरं उजवीकडे.
झाडून टाकायचा भुसा तिनं घरी नेला,
पाइनचा चीक घालून जुन्या इस्त्रीखाली दाबला,
गुडघे रात्री झोपू देत नव्हते म्हणून.
पहिला जळला.
दुसऱ्याला असा वास की कुत्रं बाहेर जाऊन झोपलं.
तिसऱ्यावर ती दोन हिवाळे उभी राहिली.
ग्रासिएतना तो दिसला तोही चुकून,
पडलेलं पेन उचलायला वाकल्या होत्या.

पुढचं सगळं माझ्या वह्यांत आहे. कर्ज, यंत्र,
दर तिमाहीला निकाल मागणारा बँकेचा माणूस.
त्याला त्यांनी रानात नेलं :
साल काढली की खोडावर ते साल लिहून ठेवतात,
पुढची नऊ वर्षांनी.
तो म्हणाला, झाडांचं ठीक आहे हो.

पेटंटच्या अर्जावर वकिलानं ग्रासिएतचं नाव घातलेलं.
त्यांनी ते खोडलं, रेघ कागदापार गेली.
एर्मेलिंदाला वर बोलावलं.
तिनं चष्मा पुसला, आपलं नाव
बूच तपासावं तसं उजेडात धरून वाचलं,
सही केली. दाराशी थांबली.
"बाई, हे ठीकच.
पण एकतीस वर्षांत कुणी मला बसायला खुर्ची दिली असती
तर हे मी केलंच नसतं."

ग्रासिएत त्यांच्या खुर्चीत होत्या, चामड्याच्या, पाठीला उशी.
उठल्या.
का उठल्या ते त्यांनाही कळलं नसावं.
ती गेल्यावरही बराच वेळ उभ्या होत्या.

पुढच्या सभेचा विषय सातवा,
अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे :
निवड विभागासाठी खुर्च्या, नग बेचाळीस.
आबीलियुंनी हरकत नोंदवली, बसून काम मंदावतं.
हरकत बसूनच नोंदवली,
हे मी लिहिलं.