मंत्र, आवाज न करता

क्लायपेदाच्या बंदरावर आज धुकं असं
की फेरी दिसत नाही, नुसता भोंगा येतो आणि जातो.
दिवसभर तिकिटं तपासली.
यंत्र टुक् करतं, मी मान हलवते, माणूस पुढे सरकतो.
या कामाला शब्द लागत नाहीत,
म्हणून तर धरलंय.

आता सातव्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
बिटाच्या सारानं कोपरा लाल झालेला कागद,
झिजलेलं खोडरबर
आणि खर्चायला सत्तावीस पॉइंट.
शुक्रवारपर्यंत एक जादूगारीण उभी करायची आहे,
आली कधी, गेली कधी,
या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.

बुद्धी पंधरा. तिथे घासाघीस नाही.
चपळाई पंधरा: कौलांवरून चालेल, कबुतर उडणार नाही.
चिवटपणा चौदा, कारण पकडली गेलीच तर
मार खाऊन पळता आलं पाहिजे.
शहाणपण दहा. (माझ्यापेक्षा बरं.)
ताकद आठ. जड दार दुसरं कुणी ढकलेपर्यंत
भिंतीला टेकून थांबायचं. ते मला येतं.
छाप आठ. खोलीत शिरली तरी
कुणी खुर्ची सरकवणार नाही.

चिलखत नको, कड्या वाजतात.
नमद्याचे बूट, राखेच्या रंगाचा झगा,
काठीऐवजी बोटभर हाड, बाहीत मावणारं.
आग नको, वीज नको, ती तर आपणच बोंब मारते.
अंधार घेते. झोप घेते. दुसऱ्याच्या सावलीत
पाय ठेवून चालण्याची ती छोटी विद्या घेते.

आणि इथे घोडं अडतं.
मंत्र म्हणावा लागतो. तोंडानं.
मुका मंत्र मिळतो तो पाचव्या लेव्हलनंतर,
तोवर दबक्या पावलांनी पहारेकऱ्याच्या मानेपर्यंत जायचं
आणि मग खणखणीत बोलायचं? ही कुठली चोरी?
त्यात गिंतौतासचा, खेळ चालवणाऱ्याचा, स्वतःचा नियम:
खेळाडूनंही मंत्र मोठ्यानं म्हणायचा,
त्याशिवाय फाशाला हात लावायचा नाही.

माझं नाव स्किर्मांते.
पहिल्याच अक्षरावर मी अडकते,
गोठलेल्या खाडीत होडी अडकावी तशी,
मागेही नाही, पुढेही नाही.

गेल्या शुक्रवारी, सायकलींच्या दुकानाखालच्या तळघरात
त्यांनी नाव विचारलं.
स् स् स्
लिउद्विका कागदाकडे बघायला लागली,
गिंतौतास फार प्रेमळ चेहरा करून थांबला,
आणि तो चेहरा बघून उरलीसुरली जीभही गेली.
तेवढ्यात म्हातारा एइमुतास,
चाळीस वर्षं जहाजांची वेल्डिंग करून
डावा कान गमावलेला,
त्यानं मुठीत सहा फासे घेतले
आणि खुळखुळवायला लागला.
थांबेचना.
गिंतौतास म्हणाला, अजून तुझी पाळी नाही.
तो म्हणाला, काय? ऐकू येत नाही.
खुळखुळ खुळखुळ, तळघरभर,
आणि त्या आवाजाच्या आडोशाला
मी माझं नाव पूर्ण केलं.
कुणाला ऐकू गेलं, ठाऊक नाही.

पाणी उकळलंय. चहा ओतते.
यादीत दोन ओळी खाली, आजवर कधी न वाचलेली
एक फुटकळ विद्या आहे, पहिल्याच लेव्हलची:
लांब कुठेतरी आवाज पाडणे.
घंटा, घागर, पळणारं घोडं, काहीही.
सगळ्या माना तिकडे वळतात.

झोप खोडते, ती लिहिते.
चिवटपणा तेरा करते, दोन पॉइंट सुटतात,
छाप दहा.
मार थोडा जास्त लागेल.

नावाची चौकट अजून कोरी आहे.
सोपी नावं शोधून ठेवली होती, सगळी स्वरांची,
ओठ न अडखळता निसटणारी.
पेन्सिल उचलते.
स्
इतकंच लिहून थांबलेय.
खाली फेरीचा भोंगा वाजतोय, शेवटचा, लांबलचक.
तो संपायच्या आत.